निखारा पांढरा होईपर्यंत

फाल्गुन संपता संपता इस्तारी वाघाच्या तोंडी गेला, आणि त्यानंतर महिनाभर रस्त्यावरची शेगडी पेटली नाही.

मूल गावाहून चामोर्शीकडे जाताना, वैनगंगेच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक जुना मालगुजारी तलाव आहे, जमीनदारांच्या काळी बांधलेला. त्याच्या पाळीखाली इस्तारीचा मांडव होता. चार बल्ल्या, वर पळसाच्या फांद्या, खाली दोन बाकडी, मागं एक कुडाची खोली, आणि विटा-मातीची कमरेइतकी उंच शेगडी. तलावात जाळं टाकून धरलेली मासोळी तो तिथंच भाजून द्यायचा. मरळ असली की गाड्या थांबत. ट्रकवाले, शाळामास्तर, मार्कंड्याच्या दर्शनाहून परतणारी माणसं, सगळी थांबत. घरात मासोळी तेलात तळतात किंवा रश्शात टाकतात. निखाऱ्यावर भाजलेली, वरून कुरकुरीत आणि आतून ओलसर अशी त्याच्याचकडे मिळे.

गोकुळा, त्याची बायको, मासोळी साफ करी, चिरा पाडी, पाट्यावर लसूण-मिरची वाटी, एका बाजूला भात लावी. शेगडीजवळ ती जात नसे. त्याची गरजही नव्हती.

त्या दिवशी सकाळी इस्तारी आणि लटारू धावड्याची वाळकी लाकडं आणायला जंगलात गेले. लटारू त्याच्या शेजारचा, वयानं लहान, दोघं बरोबर जाळी टाकत, संध्याकाळी बरोबर शेगडीपाशी बसत. दुपारच्या आधी लटारू एकटाच धावत गावात आला. पायात चप्पल नव्हती. पाटलाच्या ओसरीवर तो पडला आणि हातानं जंगलाकडं दाखवत राहिला. मग लोक काठ्या, टिनाचे डबे घेऊन गेले, फॉरेस्टचे लोक आले. इस्तारी नाल्याच्या काठाला सापडला. त्याला चादरीत बांधूनच आणलं, आणि ती चादर सोडू नका असं मोठ्या माणसांनी गोकुळाला सांगितलं.

लटारू अंत्यविधीला आला होता. दूर, बाभळीखाली उभा होता. गोकुळानं त्याच्याकडं पाहिलं नाही. नंतरही नाही. दोन घरांच्या मधे एक काट्याचं कुंपण होतं, आणि त्यापलीकडून कमला, लटारूची बायको, कधी भाजी द्यायला आली तर गोकुळा घेई; पण लटारूचं नाव दोघीही काढत नसत.

महिन्यानंतर गोकुळानं मांडव झाडला आणि तलावावरच्या दुसऱ्या जाळेवाल्यांकडून मासोळी विकत घेतली. मुलगी दामिनी गडचिरोलीला नर्सिंग शिकत होती, बाप गेल्यापासून घरीच होती.

"माय, तुले जमन का?" तिनं विचारलं.

"वीस वर्सं पाह्यलं हाय," गोकुळा म्हणाली.

पण पाहणं वेगळं. पहिल्याच दिवशी सावली गावाकडचे चार मास्तर आले, इस्तारीचे जुने गिऱ्हाईक. गोकुळानं लाकडं पेटवली, ज्वाळा वर आल्या, तिनं लोखंडी जाळी ठेवली आणि जाळीवर रोहू. कातडी लगेच काळी पडली. पलटवायला गेली तर अर्धी मासोळी जाळीलाच चिकटून राहिली. ताटात वाढली तेव्हा वरून कोळसा आणि काट्याजवळ गुलाबी, कच्ची. मास्तरांनी कडेकडेचं खाल्लं, भाताबरोबर रस्सा मागितला. जाताना एकजण म्हणाला, "चांगली होती बाई." ते ऐकून गोकुळाला जास्त वाईट वाटलं. कच्ची आहे असं म्हणाला असता तर तिला एवढं लागलं नसतं.

पुढचे आठ-दहा दिवस तसेच गेले. गाड्या हळू होत, मांडवात इस्तारी दिसत नाही म्हणून पुढं निघत. ज्या थांबत त्या पुन्हा येत नसत. ऊन असं होतं की दुपारी तलावावरून येणारा वाराही तोंड भाजी. तलावाचं पाणी मागं सरकत चाललं होतं आणि काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या.

एका दुपारी लटारू सायकल ढकलत आला. कॅरिअरवर बाभळीची लाकडं बांधलेली होती. त्यानं ती शेगडीजवळ उतरवली आणि उभा राहिला.

दामिनी आतून बाहेर आली. "इथी कायले आला तू?"

"लाकडं आनली."

"घेऊन जाय तुझी लाकडं. आमाले नाई पाह्यजे."

लटारूनं गोकुळाकडं पाहिलं. ती पाट्यावर मिरची वाटत होती. तिनं मान वर केली नाही, पण जा असंही म्हटलं नाही. मग लटारू खाली बसला, शेगडीतली जुनी राख हातानं एका बाजूला ओढली आणि लाकडं रचायला लागला.

"धावडा नाई हे," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. "पन बाभूळबी चालते. पाळीवरची हाय, जंगलातली नाई."

त्यानं लाकडं पेटवली आणि मासोळीला हात न लावता बसून राहिला. ज्वाळा वर आल्या, खाली गेल्या. लाकडं तुटून लाल निखारे झाले. दामिनी रागानं आत गेली. लटारू तरी बसूनच होता.

"लाल असतानी ठेवाचं नाई," तो पुन्हा कुणाला न सांगता म्हणाला. "वरून राखेचा पांढरा पडदा आला पाह्यजे. ज्वाळ गेली, धूर गेला, तवा खरी आच राह्यते. इस्तारीभाऊ म्हने, घाई असन तं घरी जाऊन पिठलं खा."

निखारे पांढरे झाले. त्यानं त्यातले बरेचसे शेगडीच्या एका बाजूला लोटले, दुसऱ्या बाजूला थोडेच राहू दिले. आच पाहायला हात जाळीवर धरला, काढला. जाळीला तेलाचं फडकं फिरवलं आणि उठून बाजूला झाला.

गोकुळा उठली. मरळीचा तुकडा घेऊन आली, जाळीवर ठेवला. जाड बाजू जास्त निखाऱ्याकडं, शेपटी कमी निखाऱ्याकडं, जशी इस्तारी ठेवायचा तशी. ते तिच्या डोळ्यांना आठवत होतं. चिमट्यानं उचलायला गेली तेव्हा लटारू म्हणाला, "अजून नाई. थे सोतःच सोडते जाळीले. चिकटून असन तं समजाचं, झाली नाई."

ती थांबली. थोड्या वेळानं चिमटा लावला तर मासोळी अलगद सुटली. खालची बाजू तपकिरी होती, कुठंही फाटली नव्हती. एकदाच पलटवली. पळसाच्या पानावर काढली, वरून दुसरं पान झाकलं.

दामिनीनं एक घास खाल्ला. नंतर तिनं पूर्ण तुकडा संपवला आणि आत जाऊन रडली.

लटारू रोज यायला लागला. दुपार कलली की येई, विस्तव करी, पांढरा निखारा तयार झाला की बाजूच्या दगडावर बसून राही. गोकुळा त्याच्याशी बोलत नसे. तो जे सांगे ते निखाऱ्यांना सांगितल्यासारखं सांगे, आणि ती तसं करी. चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारायचं नाही, मासोळीच सरकवायची. मीठ आधी, वाटण उशिरा. आधी लावलं तर मिरची जळून कडू होते. झिंगे असतील तर काडीत ओवायचे. एवढं तो जाणत होता कारण इतकी वर्षं इस्तारीच्या शेजारी बसून त्यानं निखारे फुंकले होते.

तिथं बसताना त्याचं तोंड नेहमी जंगलाकडं असे. रस्त्यावरून गाडी आली तरी वळून पाहत नसे. एकदा मांडवावरची पळसाची वाळकी फांदी वाऱ्यानं खाली पडली, तर तो उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन पोचला, आणि मग तिथंच उभा राहिला. गिऱ्हाइकं हसली. गोकुळानं फांदी उचलून चुलीत घातली.

गावात लोक बोलत. ज्यानं नवऱ्याला सोडून पळ काढला त्याच्याच हाताच्या विस्तवावर ती धंदा करते, असं बायका बोरवेलवर म्हणत. गोकुळाच्या कानावर ते येई. गाड्या मात्र पुन्हा थांबायला लागल्या होत्या.

एका सकाळी कमला कुंपणाशी आली.

"बाई," ती म्हणाली, "थो झोपत नाई. उठून बसते, दाराले हात लावून पाह्यते. तलावावर जात नाई, जाळं घराच्या आड्याले टांगून हाय. तुमी एक शब्द बोला त्याच्यासंग. शिव्या देल्या तरी चालन."

"काय बोलू?" गोकुळानं विचारलं.

कमला कुंपणावरचा एक काटा सरळ करून परत गेली. गोकुळाला लटारूचा राग होता का, हे तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. रात्र झाली की तिला एकच ऐकू येई: इस्तारी हाक मारतो आहे, लटारूच्या नावानं, आणि पुढं धावणारा लटारू मागं बघत नाही. तसं झालं होतं की नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. विचारलं आणि तसंच निघालं तर त्यानंतर त्याच्या हातचा विस्तव तिला चालणार नव्हता.

मे महिन्यात सुरेंद्र आला. पलीकडच्या गावचा, माजरीला कोळसा खाणीत नोकरी करणारा, उन्हाळ्यात आठवडाभर गावी येई. त्याची मुलगी बारावी झाली होती. त्यानं खाणीवरचे मित्र आणि त्यांची घरची मंडळी आमराईत जेवायला बोलावली होती.

"बाई, तुम्हीच या भाजायला," तो म्हणाला. "मी बार्बेक्यूचं स्टँड आणलंय नागपूरहून, पण आमच्यानं कोंबडी जळते नाहीतर कच्ची राहते. लटारूलाही आणा."

ठरलेल्या दिवशी तिघं ऊन उतरायच्या आधी तिथं पोचले. आमराईत सतरंज्या घातल्या होत्या, आंब्याला दिव्यांची माळ बांधली होती, पोरं पाण्याच्या ड्रमभोवती खेळत होती. स्टँड चांगलं होतं. लटारूनं ते फिरवून पाहिलं. "हे बरं हाय. जाळी वर-खाली होते," तो म्हणाला, आणि विकतच्या कोळशावर आणलेली बाभूळ ठेवली. कोंबडीला दही-मीठ लावून दामिनीनं सकाळीच ठेवलं होतं. गोकुळानं आधी मासोळी घेतली.

पहिली खेप गेली आणि लोक गप्प होऊन खाऊ लागले. सुरेंद्रची आई मुद्दाम उठून गोकुळाकडं आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. दुसऱ्या खेपेला लोकांना बोलायला सवड झाली.

देवानंद नावाचा सुरेंद्रचा एक मित्र होता, जाड, हसरा, सगळ्यांना आग्रह करकरून वाढणारा. वाईट माणूस नव्हता. ताट घेऊन तो स्टँडशी आला आणि लटारूकडं पाहत म्हणाला, "सुरेंद्र सांगत होता, वाघाच्या तावडीतून वाचलेला माणूस तूच का?"

लटारू निखारे हलवत राहिला.

"अरे सांग ना. आम्ही जमिनीखाली काम करणारी माणसं, वाघ फक्त मोबाईलवर पाहतो." त्यानं खरंच मोबाईल काढला. "पोरांनो, इकडं या. काका वाघाची गोष्ट सांगतात."

पोरं आली. त्यांच्यामागून चार बायका, दोन पुरुष आले. सुरेंद्र दूर होता, पाहुण्यांना खुर्च्या लावत होता. दामिनी म्हणाली, "साहेब, त्याले नका विचारू." पण तिचा आवाज कुणापर्यंत गेला नाही. वाघानं नेलेला माणूस या भाजणाऱ्या बाईचा नवरा होता, हे देवानंदला ठाऊक नव्हतं.

गोकुळाचा चिमटा हातात होता. तिला वाटलं, आता याला थांबवावं. पण तिनं थांबवलं नाही. इतके दिवस जे विचारायची हिंमत झाली नाही ते दुसरं कुणी विचारत होतं, आणि तिला ऐकायचं होतं.

लटारूनं तिच्याकडं पाहिलं. ती जाळीकडं पाहत होती.

"आमी लाकडं जमा केली," तो म्हणाला. "भाऊ मोळी बांधून राह्यला होता. खाली वाकला. मी दोरी ओढून धरली होती, मायाकडचं टोक. मंग दोरी ढिली झाली."

"आणि?"

"पोतं पडते ना धानाचं, गाडीवरून, तसा आवाज आला. मी पाह्यलं तं भाऊ तिथी नव्हता. मोळी होती."

"वाघ दिसला का? केवढा होता?"

"नाई दिसला. झुडूप हलत होतं."

"मग तो ओरडला असेल ना, तो माणूस? हाक मारली असेल."

गोकुळानं चिमटा घट्ट धरला. कोंबडीच्या तुकड्यातून चरबी गळत होती, निखाऱ्यावर पडून चर्र होत होती.

"नाई," लटारू म्हणाला. "कायचाच आवाज नाई आला. पाखरंबी गप झाली होती. मी कवा पळालो ते मले आठवत नाई. गावाजवळ आलो तवा समजलं का मी पळून राह्यलो."

देवानंदनं मोबाईल अजून समोर धरला होता. "बस? एवढंच?"

"एवढंच."

मोबाईल खाली आला. पोरं ड्रमकडं परत गेली. एक बाई हळूच म्हणाली की कोंबडी जळल्याचा वास येतोय. तुकडे भडक्यात सापडले होते. गोकुळानं ते हलवलेच नव्हते. तिनं ते घाईनं बाजूला घेतले. खालून काळे झाले होते. तिनं सुरीनं काळं खरवडलं, दोन तुकडे टाकून दिले, आणि पुढची खेप लावली. आता तिनं नजर हटवली नाही. उरलेलं सगळं नीट झालं.

दामिनीनं तांब्याभर पाणी लटारूच्या पुढं ठेवलं. तो ते उभ्यानंच प्याला.

देवानंदला जेवण झाल्यावर कुणीतरी सांगितलं असावं. निघताना तो गोकुळाजवळ आला, हात जोडले आणि परत गेला.

सुरेंद्रनं त्यांना जीपनं सोडलं. रस्ता अजून गरम होता, आकाशात शेवटचा उजेड होता. गावाच्या फाट्यावर उतरल्यावर दामिनी भांडी घेऊन पुढं गेली. गोकुळा थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याला नावानं हाक मारली.

"लटारू भाऊ."

तो थांबला.

"खरंच त्यायनं हाक नाई मारली?"

त्यानं जंगलाकडं नाही, खाली रस्त्याकडं पाहिलं.

"नाई, वयनी," तो म्हणाला.

गोकुळानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यातून तिला काही कळलं नाही. तो खरं बोलला असेल, किंवा तिच्यासाठी बोलला असेल. पुन्हा विचारायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. "बरं," ती म्हणाली, आणि दोघं आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी कमला आली. राजुऱ्याकडं तिचा भाऊ कोळशाच्या सायडिंगवर, मालगाड्या भरायच्या जागी, रखवालदार होता, तिथं जागा निघाली होती. तिथं जंगल नाही, नुसते काळे ढीग आहेत, रात्रभर लाईट जळतात, असं ती म्हणाली. "झोप लागन त्याले कदाचित."

"त्यानं सांगतलं नाई काही?"

"तुमाले सांगाची हिंमत नाई झाली त्याची. बाभळीची लाकडं तोडून ठेवली हाय मागं. पावसाच्या आत पुरतीन, म्हने."

ते सोमवारच्या एसटीनं गेले. गोकुळा मांडवातच होती. एसटी समोरून गेली, थांबली नाही. खिडकीत कमला दिसली, लटारू पलीकडच्या बाजूला असावा.

दामिनी जूनमध्ये कॉलेजला परत जाणार होती. तोवर ती आईजवळ बसे, पण शेगडीला हात लावत नसे, आणि गोकुळाही तिला शिकवत नसे. गोकुळा एकटी विस्तव करी. सुरुवातीला तिला वाटायचं की दगडावर कुणी बसलं नाही तर आपली वेळ चुकेल. ती चुकली नाही. तिला आता हात न धरताही आच कळत होती. मासोळी बरोबर उतरत होती. एक जुना ट्रकवाला म्हणाला, "भाऊच्या हातचीच आहे." गोकुळानं मान हलवली. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं त्याच्या ताटात भात वाढला आणि परत येऊन उभी राहिली.

रात्रीचा तो आवाज थांबला नव्हता. फक्त आता तो वेगळा झाला होता. हाक येत नसे. एक दोरी हातात ढिली पडे, आणि ती जागी होई. कधी वाटे, हाकच बरी होती. हाकेत निदान इस्तारी होता.

एका संध्याकाळी फोन वाजला. सुरेंद्रच्या कुणा ओळखीच्याचा होता. मूलला त्यांच्या फार्महाऊसवर तीस माणसं येणार होती.

"तुमच्या हातची मासोळी फार ऐकली आहे, बाई. आणि ते वाघवाले काका आहेत ना तुमच्याकडं, त्यांनाही आणा. पोरांना मजा येईल."

"थे इथी नाई राह्यत आता," गोकुळा म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा की थोडं. तुम्हाला माहीत असेलच."

गोकुळानं फोन कानापासून दूर धरला आणि चिमट्यानं एक निखारा सरकवला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहिला.

"मासोळी खाची असन तं इथी या," ती म्हणाली. "मी कुठी जात नाई."

तिनं फोन ठेवला. बाकड्यावर एक जोडपं लहान मुलीला घेऊन वाट पाहत बसलं होतं. मुलगी विचारत होती, झालं का. गोकुळानं चिमटा लावून पाहिला. मासोळी अजून जाळीला धरून होती.

"थांब बाई थोडी," ती मुलीला म्हणाली, आणि जाळीपाशी उभी राहिली.